एका समुद्रशेवाळाचे दफ्तर

गासच्या वाडीत ज्याचे लहानपण गेले त्याला शेवाळ म्हटले की बावखल आठवते. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांना उन्हाळ्यात पाणी पुरविणारी ही गोड्या पाण्याची तळी वैशाखात आटू लागली म्हणजे त्यांच्या काठाशी हिरव्या केसांसारखे पुंजके साचतात. रहाट चालू होते त्या काळी ते गाडग्यांना चिकटून वर येत, पन्हळीत अडकून बसत, आणि मग घरातले कोणी वडीलधारे माणूस ते काठीने ओढून बाजूला फेकीत असे. त्यापलीकडे या हिरव्या जिनसेला गावच्या व्यवहारात मानाचे वा अपमानाचे कसलेच स्थान नव्हते. पश्चिमेस भुईगाव-राजोडीच्या किनाऱ्यावर गेले तरी प्रकार फारसा निराळा नाही. उत्तरेकडून वैतरणेचे आणि दक्षिणेकडून उल्हासेचे पाणी पावसाळाभर डोंगरची माती आणून समुद्रात ओतते. किनारा वाळूचा आणि गाळाचा, पाणी वर्षाचा बराच काळ गढूळ. अशा ठिकाणी जे शेवाळ तग धरते ते पातळ पापुद्र्यांचे किंवा बारीक नळ्यांचे, मिळेल त्या धोंड्याला आणि खुंटाला धरून राहणारे. निवळ पाणी आणि पाय रोवायला खडक मागणारी बड्या घराण्यातील शैवले इकडे सहसा फिरकत नाहीत.

ज्या शैवलाची हकीकत येथे सांगायची आहे ते या दुसऱ्या वर्गातले. त्याचे शास्त्रीय नाव कॉलर्पा रेसिमोसा. आमच्या किनाऱ्यावर ते मी कधी पाहिले नाही. पाहिले ते मालवणास, माघातल्या अमावास्येच्या सुकतीला, जेव्हा एरवी कधी उघडे न पडणारे खडकही तासा-दोन तासांपुरते आपले अंग दाखवितात. गुडघाभर पाण्यात उभे राहून वाकून पाहिले तेव्हा प्रथम असे वाटले की कोणी कच्च्या हिरव्या द्राक्षांचे घोसच खडकावर सांडून गेले आहे. मोहरीहून मोठे आणि वाटाण्याहून लहान असे टपोरे मणी एका ताठ दांड्याभोवती दाटीने लागलेले. दांडा बोटाएवढा उंच. आणि असे कित्येक दांडे सुतळीएवढ्या जाड अशा एका आडव्या हिरव्या दोरावर ओळीने उभे, आणि तो दोर खडकाच्या चिरेतून सरपटत कोठल्या कोठे गेलेला. दोराच्या खालच्या अंगाला मुळांसारख्या फिकट तंतूंचे झुबके होते व त्यांनी वाळूचे कण आणि शिंपल्यांचा चुरा मुठीत धरावा तसा धरला होता. एक मणी नखाने दाबला. तो फुटला, बोटावर हिरवट पाणी आले, आणि थोड्या वेळाने पाहतो तो फुटल्या जागेवर चिकट खपली धरलेली.

ही खपली का धरते हे कळले म्हणजे या वनस्पतीच्या रचनेतील खरे नवल हाती लागते. आपण ज्याला मूळ, खोड आणि फळांचा घड म्हणतो त्यांपैकी तेथे वस्तुतः काहीच नाही. तो आडवा दोर, ते दांडे, ते शेकडो मणी आणि ते तंतूंचे झुबके ही सगळी मिळून एकच पेशी आहे. साधी वनस्पती कोट्यवधी पेशींच्या विटा रचून उभी राहते, दोन विटांमध्ये भिंत असते, आणि एक वीट फुटली तर शेजारणीचे काही बिघडत नाही. हे शैवल मात्र एकाही आडभिंतीशिवायचा अखंड वाडा आहे, ज्यात असंख्य केंद्रके आणि हरितकण जीवरसाच्या प्रवाहाबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडत असतात. भिंत नाही म्हणून वाडा कोसळत नाही, याचे कारण त्याच्या आत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेल्या बारीक तुळयांचे जाळे असते. आणि जखम झाली की सारा जीवरस वाहून जाऊ नये म्हणून ती तत्काळ बुजविण्याची तजवीज असते. जगातील सर्वांत मोठ्या एकपेशीय जीवांत कॉलर्पा कुळाची गणना होते. त्याचे मरणही त्याच्या घडणीला साजेसेच असते: प्रजननाची वेळ आली की पेशीतले सारे सत्त्व युग्मकांच्या रूपात गोळा होते, पहाटेच्या सुमारास ते हिरव्या धुरासारखे पाण्यात सुटते, आणि मागे उरते ती पांढरी रिकामी कात.

असल्या वनस्पतीचा आणि गासचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध वनस्पतीचा नाही, तिच्या कागदाचा आहे, आणि विरळ उरलेल्या कागदांचे व दगडांचे मोल आमच्या भागातल्या माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. शेजारचे सोपारे हे एके काळी यवनांच्या आणि अरबांच्या लेखनात नाव असलेले बंदर. आज त्याची साक्ष देतो तो बुरूड राजाच्या कोटातला स्तूप, जो १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उघडला. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडा सोपाऱ्यास मिळाला, आणि नवव्याचा तुकडा उजेडात आला तो तब्बल १९५६ साली, आमच्या भुईगावात. चौदा शासनांपैकी दोन तुकडे, तेही पाऊणशे वर्षांच्या अंतराने. बाकीचे खाडीने गिळले की कोणाच्या जोत्यात गेले, कोण सांगणार!

आमच्या शैवलाच्या कागदाची गोष्ट सुरू होते ती जानेवारी १७६१ मध्ये. हा महिना मराठी माणसाला पाठ आहे तो पानिपतामुळे. त्या महिन्याच्या १४ तारखेस भाऊसाहेब आणि विश्वासराव पडले. त्याच्या जेमतेम दहा दिवस आधी, पृथ्वीच्या अगदी निराळ्या कोपऱ्यात, डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याच्या हुकुमाने 'ग्रोनलंड' नावाच्या लढाऊ जहाजाने कोपनहेगनचे बंदर सोडले होते. जहाजावर एक लहानशी मंडळी होती आणि तिला कोणाशी लढायचे नव्हते. गटिंगन येथील मिखाएलिस या पंडिताच्या मनात आले होते की, बायबलातील पुष्कळ शब्दांचा, प्राण्यांचा आणि वनस्पतींचा उलगडा अरबस्तानात जाऊन प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज व्हायचा नाही. राजाच्या प्रधानाने ही कल्पना उचलून धरली, आणि 'सुखी अरबस्तान' म्हणजे येमेन गाठण्याची मोहीम मुक्रर झाली. फोन हावेन हा भाषापंडित, पेटर फोर्स्काल हा निसर्गशास्त्रज्ञ, क्रॅमर हा वैद्य, बाउरेनफाइन्ड हा चित्रकार, कार्स्टन नीबूर हा मोजणीदार आणि बेर्गग्रेन नावाचा एक स्वीडिश चाकर, असे सहा जण. यांतला नीबूर शेतकरी कुळातला. इतरांप्रमाणे आपणासही प्राध्यापक म्हणावे ही सूचना त्याने नाकारली आणि लेफ्टनंटचा हुद्दा पुरेसा मानला.

या सहा जणांत एकोपा कधीच नव्हता. कॉन्स्टंटिनोपलच्या मुक्कामात फोन हावेनने सोमल विकत घेतल्याचे उघडकीस आले तेव्हा बाकीच्यांनी आपल्याच सोबत्याच्या भीतीने दिवस काढले, यावरून काय ते समजावे. फोर्स्काल हाही कोणाच्या मर्जीने वागणारा गृहस्थ नव्हे. १७३२ साली हेलसिंकीस जन्मलेला हा लिनियसचा शिष्य. १७५९ साली त्याने नागरिकांच्या स्वातंत्र्यावर एक लहानसे पुस्तक छापले, सरकारने ते जप्त केले, आणि त्याच्या प्रती गोळा करण्याचे काम उप्साला विद्यापीठाचा त्या वेळचा कुलगुरू म्हणून खुद्द लिनियसवर आले. पुढे याच गुरूने आपल्या शिष्याचे नाव एका वनस्पतीला दिले तेही असे, की जी वनस्पती अंगाची आग करणाऱ्या नेटल वनस्पतींच्या नात्यातली, आणि कपड्याला चिकटली तर सहजासहजी न सुटणारी.

मंडळी १७६२ मध्ये सुएझला पोहोचली. तांबडा समुद्र हा फोर्स्कालला मिळालेला खजिनाच होता. निवळ, उबदार पाणी, प्रवाळांचे खडक, आणि त्यांवर अशी जीवसृष्टी की जिच्यापैकी फार थोडीच युरोपच्या पुस्तकांत नोंदली गेली होती. काम करण्याची त्याची पद्धत पाहण्याजोगी आहे. मासा मिळाला की तो उभा चिरून त्याची अर्धी कातडी वाळवायची आणि वनस्पतीचे पान दाबतात तशी कागदावर चिकटवायची. ते कागद कोपनहेगनात आजही आहेत. शिवाय कोळ्याला आणि शेतकऱ्याला विचारून स्थानिक अरबी नाव लिहून घ्यायचे, आणि पुष्कळदा तेच नाव शास्त्रीय नावात घालायचे. याच मुक्कामात खडकावरचा तो हिरवा घोस त्याच्या हाती आला. लिनियसच्या पद्धतीत समुद्रातील शैवलांना तीन-चार ढोबळ खणच होते. त्यांपैकी फ्यूकस या खणात त्याने तो टाकला, आणि घोसासारखा म्हणून 'रेसिमोसस' असे विशेषण जोडले. टिपण दोन-चार ओळींचे. त्यात आतल्या तुळया नाहीत, एका पेशीची गोष्ट नाही. त्या काळी ती कोणास कळणेही शक्य नव्हते.

पुढच्या वर्षी येमेनने मंडळींचा घास घेतला. हिवतापाने प्रथम फोन हावेन गेला, १७६३ च्या मे महिन्यात, मोखा येथे. मग ११ जुलैस यरीम या डोंगरी गावी फोर्स्काल; वय एकतीस. उरलेल्यांनी कसेबसे बंदर गाठले आणि ऑगस्टच्या अखेरीस मुंबईकडे निघालेल्या इंग्रजी जहाजावर स्वतःला अक्षरशः लादून घेतले. वाटेत बाउरेनफाइन्ड गेला. लागलीच दुसऱ्या दिवशी बेर्गग्रेन. दोघांनाही समुद्रात सोडावे लागले. सप्टेंबरमध्ये जहाज मुंबईस लागले तेव्हा जिवंत होते दोघे, नीबूर आणि क्रॅमर. आणि १७६४ च्या फेब्रुवारीत मुंबईतच क्रॅमरही वारला. वैद्यच शेवटी गेला, आणि त्याला औषध द्यायला मागे मोजणीदार तेवढा उरला.

या वेळी आपल्याकडे काय चालले होते? मे १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटून जाळले होते. १० ऑगस्टला राक्षसभुवनावर तरुण माधवरावांनी त्याचे उट्टे काढले. नीबूर मुंबईस उतरला तेव्हा ही बातमी ताजीच असली पाहिजे. मुंबई बेट इंग्रजांचे, चार्ल्स क्रॉमेलिन हा तिचा गव्हर्नर. पण खाडी ओलांडली की साष्टी मराठ्यांची, आणि तिच्या उत्तरेस वसई, जी १७३९ च्या मेमध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतली आणि जिला मराठ्यांनी बाजीपूर म्हणून पाहिले. १७६४ मध्ये नीबूर मुंबईहून सुरतेस जाऊन परत आला. हा जलमार्ग वसईवरून, आगाशीच्या समोरून, अर्नाळ्याच्या जलदुर्गाला उजवी घालून जातो. म्हणजे आमच्या गासच्या ताडा-माडांची रेघ क्षितिजावर दिसते त्या पाण्यातून हा माणूस दोनदा गेला. त्याने ती रेघ पाहिली की नाही हा प्रश्न माझ्यापुरता मी खुशाल सोडवून टाकला आहे.

घारापुरीच्या लेण्यांची मापे घेऊन त्याने नकाशे आणि चित्रे काढली, आणि ती छापून आली तेव्हा युरोपास त्या शिल्पांचे पहिले नीट दर्शन घडले. पण मला त्याच्या मुंबईतील वास्तव्यात चित्रांपेक्षा त्याच्या सामानाचे अप्रूप वाटते. फोर्स्कालचे सारेच बाड त्यात होते असे नव्हे. काही पेट्या वाटेतल्या बंदरांवरून आधीच कोपनहेगनकडे रवाना झाल्या होत्या. पण क्रॅमरच्या मृत्यूनंतर पाच मेलेल्या माणसांच्या कामाचा एकमेव वारस हा उरला होता, आणि तोही तापाने खंगलेला. तो मुंबईतच आडवा झाला असता तर त्या टिपणांची निगा कोण राखणार होते? वसईच्या सुभ्याकडे ती जाण्याचा संभव नव्हता, आणि गेली असती तरी उपयोग नव्हता. आमच्या दफ्तरांना मी नावे ठेवीत नाही. वसईच्या मोहिमेची त्यांनी जपलेली पत्रे वाचताना आजही अंगावर काटा येतो. परंतु दफ्तर हे जमाबंदीसाठी असते, आणि त्यात भात येते, मीठ येते, खाजणाची बांधबंदिस्ती येते, माडाची झाडे मोजून येतात. खडकावरच्या घोसावर कोणी पट्टी बसविली नाही, म्हणून तो कोणाच्या कागदात आला नाही. ज्याच्यावर सारा नाही त्याला नाव नाही, हा सर्वच राज्यांचा नियम. डेन्मार्कच्या राजाने एकदाच तो मोडला, आणि त्यासाठी सहापैकी पाच माणसे खर्ची पडली.

डिसेंबर १७६४ मध्ये नीबूरने मुंबई सोडली. मस्कत, शिराज असे करीत तो पर्सिपोलिसला गेला आणि तेथील बाणाकृती लेख त्याने इतके काटेकोर उतरून घेतले, की पुढे ग्रोटेफेंड या पंडिताला त्यांच्या वाचनाचा पहिला दुवा त्या प्रतींतून सापडला. नोव्हेंबर १७६७ मध्ये तो एकटा कोपनहेगनला पोहोचला. तोवर राजा वारला होता, दरबारातले वारे फिरले होते, आणि आधी आलेल्या पेट्यांची नीट देखभाल झाली नव्हती. नीबूर वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता; तरी मित्राची लॅटिन टिपणे जुळवून त्याने १७७५ मध्ये 'फ्लोरा ईजिप्टियाको-अराबिका' छापून काढली. तीत चुका राहिल्या, आणि पुढच्या पंडितांनी त्या दाखविल्याही. त्यांनी दाखवाव्यात, त्यांना येमेनात जावे लागले नव्हते. १७७८ पासून नीबूर मेल्डॉर्फ नावाच्या एका लहान गावी सरकारी दफ्तर सांभाळीत राहिला आणि तेथेच १८१५ साली वारला.

नावाचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. १८०९ साली लामूरू या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही सरपटणारी हिरवी शैवले फ्यूकसच्या खणातून बाहेर काढली आणि 'सरपटणाऱ्या देठाचे' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून कॉलर्पा हे कुळ स्थापिले. १८७३ मध्ये स्वीडनच्या याकोब आगार्धने फोर्स्कालचा घोस त्या कुळात आणून बसविला. अंगी जागा आणि प्रकाश यांप्रमाणे रूप पालटण्याचा गुण असल्यामुळे मधल्या काळात याच एका वनस्पतीला इतकी नावे पडली होती, की एखाद्या वतनाच्या तंट्यातही तितके दावेदार निघणार नाहीत.

हे रूप पालटणे ज्याने समुद्रात उतरून, ठिकठिकाणी पाहून समजावून सांगितले तो पुन्हा डेन्मार्कचाच निघावा, हा योगायोग लक्षणीय आहे. फ्रेडरिक बोर्गेसेन (१८६६ ते १९५६) याने त्या काळी डॅनिश असलेल्या वेस्ट इंडीज बेटांतील कॉलर्पांवर १९०७ मध्ये एक प्रबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की, या कुळातल्या जातींचे आकार त्यांच्या बैठकीवरून ओळखावेत: काही चिखलात आणि इतर झाडांच्या मुळांवर राहणाऱ्या, काही वाळूत व गाळात पाय खोल रोवणाऱ्या, आणि काही खडकांवर व प्रवाळांवर लाटांचा मार सोसणाऱ्या. आपला घोस या तिसऱ्या पंक्तीतला; लाट जितकी जबर तितका त्याचा दोर खडकाला अधिक ठिकाणी जखडलेला आणि दांडे बुटके, पाणी जितके शांत तितके दांडे उंच आणि मणी विरळ. मालवणच्या खडकावर बोटभर उंचीचे दांडे का होते, हे मला त्या वाचनानंतर उमगले.

हाच बोर्गेसेन १९२७-२८ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात आला आणि मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावर, मुंबईपासून द्वारका-ओख्यापर्यंत, ओहोटीच्या वेळा साधून हिंडला. साठी ओलांडलेला हा परका गृहस्थ खडकांवर वाकून शेवाळ वेचताना ज्यांनी पाहिला असेल त्यांनी त्याला काय म्हटले असेल, याची कल्पना आपली मुंबई जाणणाऱ्याने करावी. त्या फेरीतून त्याचे जे निबंध १९३० पासून प्रसिद्ध झाले, त्यांवर पश्चिम किनाऱ्याच्या शैवलविद्येचा पाया आजही उभा आहे. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी महाराष्ट्राचा किनारा धुंडाळून रत्नागिरी-मालवणकडील कॉलर्पांच्या ज्या नोंदी केल्या, त्यांनाही मागे पाहताना बोर्गेसेनपाशी थांबावे लागते.

मायदेशी परतल्यावर बोर्गेसेनने आणखी एक गोष्ट केली. कोपनहेगनच्या वनस्पतिसंग्रहालयात फोर्स्कालच्या वाळवलेल्या शैवलांपैकी जे काही दीडशेहून अधिक वर्षे उरले होते ते त्याने कागदागणिक तपासले, १७७५ च्या पुस्तकातील नावांशी ताडून पाहिले, आणि १९३२ मध्ये त्यांची शुद्ध यादी छापली. नेमक्या त्याच सुमारास, १९३० ते १९३४ या काळात, पुण्यात गोविंद सखाराम सरदेसाई पेशवे दफ्तराचे रुमाल सोडून त्यांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड काढीत होते, ज्यांत पानिपत होते, राक्षसभुवन होते आणि वसईही होती. एकाच पिढीतील दोन संशोधक एकाच शतकाचे कागद झटकीत बसले होते आणि दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती. मला विचाराल तर बोर्गेसेनचे काम अधिक जिकिरीचे. सरदेसायांच्या कागदाला निदान मोडी वाचणारे चार सोबती होते, आणि वाळलेल्या शेवाळाला पाणी लावले की ते हाती येईलच याची शाश्वती नसते.

समुद्रद्राक्षे म्हणून कॉलर्पाच्या काही जाती फिलिपीन्समध्ये, फिजीत आणि ओकिनावात लोक कच्च्याच आवडीने खातात. आमच्याकडे हा घोस ताटात येत नाही, वाडीत खत म्हणून पडत नाही, बाजारात त्याला दर नाही. वनस्पतिशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे त्याचे पूर्ण नाव लिहिताना कॉलर्पा रेसिमोसा या शब्दांपुढे कंसात फोर्स्काल आणि कंसाबाहेर आगार्ध असे लिहितात. नीबूरचे नाव त्यात नाही. ते १७७५ च्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर आहे, ग्रंथकार मृत झाल्यावर ज्याने हे छापले तो माणूस म्हणून.